भाजीबागेसाठी ‘सोबती फुलां’चा बियाणे संच: निवड चांगली, वेळापत्रक मात्र चुकलेले

परसबागेत भाजीच्या जोडीला फुलझाडे आणि मसाल्याची झाडे लावून मधमाश्या, भुंगे आणि मित्रकीटक यांना बोलावणारे बियाणे संच आता ऑनलाइन सहज मिळू लागले आहेत. असाच एक संच मी मे महिन्याच्या अखेरीस मागवला, पहिल्या पावसानंतर पुण्यातील आमच्या परसात आणि थोडा गच्चीवरच्या कुंड्यांत पेरला, आणि दिवाळीपर्यंत त्याचे काय झाले ते पाहून हे परीक्षण लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही. माझा रोख एका दुकानावर नसून या प्रकारचे संच ज्या समजुतीवर विकले जातात त्या समजुतीवर आहे, आणि विकत घेणाऱ्याला उपयोग होईल तो त्याच चर्चेचा.

५५० रुपयांच्या या संचात दहा पाकिटे आहेत: मोठ्या फुलांचा आफ्रिकन झेंडू, बुटका मखमली झेंडू, पिवळा कॉसमॉस, झिनिया, सूर्यफूल, सब्जा, शेपू, धणे, मोहरी आणि चवळी. सोबत बांबूच्या नळ्यांचा एक छोटा जुडगा, भेट म्हणून काकडीच्या बियांचे पाकीट आणि चार पानी माहितीपत्रक मिळते. बांधणी व्यवस्थित होती आणि प्रत्येक पाकिटावर मराठीत नाव होते. बहुतेक पाकिटांवर चाचणीची तारीख आणि उगवणीची टक्केवारीही छापलेली होती. बियाणे विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही, पण १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांसाठी उगवण आणि शुद्धता लेबलवर सांगणे बंधनकारक केले आहे ते ग्राहकासाठीच. झिनिया आणि सूर्यफूल यांच्या पाकिटांवर मात्र तारीख नव्हती आणि उगवणीत नेमकी हीच दोन पाकिटे मागे राहिली.

निवड कोणी जाणत्याने केली आहे, हे आधी सांगितले पाहिजे. शेपू आणि धणे यांचा समावेश पाहून मला विशेष आनंद झाला, कारण आपण या दोन्ही भाज्या कोवळ्या असतानाच उपटतो आणि त्यांचे फूल बहुतेकांच्या बागेत कधी दिसतच नाही. शेपूचा छत्रीसारखा पिवळा फुलोरा म्हणजे शेकडो बारीक फुले असतात आणि त्यांतला मकरंद अगदी उथळ, उघड्यावर असतो. ज्या कीटकांची सोंड आखूड असते त्यांना झेंडू-जास्वंदीतले काही मिळत नाही, पण शेपूवर पोटभर मिळते. सिरफिड माश्या आणि अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या या फुलांवर येतात. सिरफिड माशीची पिल्ले मावा खातात, त्यामुळे फुलावर येणारी माशी आणि भेंडीवरचा मावा संपवणारी अळी ही एकाच कीटकाची दोन रूपे आहेत हे एकदा ध्यानात आले की, शेपूची चार झाडे फुलोऱ्यावर सोडून देणे जड जात नाही. आमच्याकडे ऑगस्टच्या अखेरीस शेपूला फुले आली आणि पाऊस उघडलेल्या प्रत्येक सकाळी त्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या या माश्या स्थिर घोंगावताना दिसल्या.

चवळीची निवडही तितकीच विचारपूर्वक आहे. चवळीवर काळा मावा हमखास येतो आणि नवख्या माणसाला ते अपयश वाटते. परंतु हा मावा मुख्यतः शेंगवर्गीय झाडांवर राहणारा आहे, काकडी-भेंडीवरचा नव्हे, आणि त्याच्यावर ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, पोसले जातात. शिवाय चवळीला फुलांबाहेरही मकरंदग्रंथी असतात, त्यामुळे फुले नसतानाही त्यावर कीटकांची ये-जा असते. कपाशीच्या कडेने चवळी लावण्याची शिफारस आपल्या कृषी खात्याची माणसे शेतकऱ्यांना करतात ती याच कारणाने. माहितीपत्रकाने एवढे सांगितले आहे, पण ढालकिड्याची अळी कशी दिसते हे सांगितलेले नाही. ती काळपट, लांबुळकी आणि खरखरीत काट्यांची असते, प्रौढ लाल किड्याशी तिचे काहीच साम्य नसते, आणि म्हणून घरोघरी ती कीड समजून चिरडली जाते. एक लहानसे चित्र छापले असते तर या संचाचे काम निम्म्याने सोपे झाले असते.

आता उणिवांकडे वळतो. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे पत्रकातील ‘सर्व बियाणे भाजीच्या बियाण्याबरोबर एकाच वेळी पेरावे’ ही सूचना. या एका वाक्याने संचाचा बराचसा उपयोग वाया जातो. काकडी पेरल्यापासून साधारण पस्तीस-चाळीस दिवसांत फुलावर येते, तर बियांपासून केलेल्या आफ्रिकन झेंडूला फुले यायला दोन महिने सहज लागतात. दोन्ही एका दिवशी पेरले तर काकडीचा पहिला, भरघोस बहर कोणत्याही सोबत्याशिवाय निघून जातो आणि झेंडू फुलतो तेव्हा काकडीचा वेल थकू लागलेला असतो. सोबत या कल्पनेचा सगळा अर्थ वेळेत आहे. शेजारी कोण उभे आहे यापेक्षा ते केव्हा फुलते याला अधिक महत्त्व आहे, आणि दहा पाकिटांच्या संचात पेरणीचे एक साधे वेळापत्रक नसावे ही मला गंभीर त्रुटी वाटते.

झेंडू आणि टोमॅटो यांच्या बाबतीत तर ही वेळ संशोधनाने ठरवून दिलेली आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने घाटेअळीसाठी, म्हणजे टोमॅटोचे फळ पोखरणाऱ्या अळीसाठी, झेंडू हे सापळा पीक म्हणून सुचवले. त्यात टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ असते आणि लागवडीच्या वेळी झेंडूचे रोप ४५ दिवसांचे, तर टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे लागते. हे वीस दिवसांचे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे. घाटेअळीच्या मादीला अंडी घालण्यासाठी झेंडूच्या कळ्या आवडतात, पण टोमॅटो फुलावर येतो तेव्हा त्या कळ्या हजर असल्या तरच ती तिकडे वळणार. घरच्या बागेत सोळा ओळी नसतात, तरी तत्त्व तेच राहते: झेंडू आधी पेरावा, टोमॅटो नंतर. आणि सापळा लावला की तो रिकामाही करावा लागतो. कळ्यांवरची अंडी आणि कोवळ्या अळ्या दर दोन-तीन दिवसांनी पाहून त्या कळ्या खुडून टाकल्या नाहीत, तर झेंडू हे किडीचे पाळणाघर होते आणि टोमॅटोचे नुकसान उलट वाढते. पत्रकात ‘झेंडूमुळे कीड दूर पळते’ असे लिहिले आहे. येथे झेंडू कीड पळवत नाही, स्वतःकडे ओढून घेतो. वाचणाऱ्याने पहिल्या विधानावर विश्वास ठेवला तर तो कळ्या तपासायला जाणारच नाही.

मखमली झेंडूबद्दलचा दावा वेगळा आहे. त्याच्या मुळांत अल्फा-टर्थायनिल नावाचे द्रव्य असते आणि ते मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक ठरते, हे खरे आहे. परंतु हा परिणाम मिळतो तो संपूर्ण वाफा मखमली झेंडूने दाट भरून काही महिने राखल्यावर आणि त्यानंतर त्याच जागी वांगी किंवा टोमॅटो घेतल्यावर. टोमॅटोच्या कुंडीत कोपऱ्याला एक झेंडू खोचल्याने माती सूत्रकृमीमुक्त होत नाही. पाकिटातले बी एका लहान वाफ्याला पुरेल इतके होते. मी ते विखरून न लावता, ज्या वाफ्यात पुढच्या उन्हाळ्यात वांगी लावायची आहेत तेथेच एकत्र लावले आहे आणि ज्यांच्या वांग्यांची मुळे गाठाळलेली निघतात त्यांनाही हेच सुचवीन.

मोठ्या फुलांच्या झेंडूचा जो वाण दिला आहे तो हाराच्या फुलांचा, गच्च पाकळ्यांचा आहे. दसऱ्याला तोरणासाठी त्याची फुले उत्तम आली, परंतु मधमाशीच्या दृष्टीने हे फूल अडचणीचे आहे. पाकळ्यांची दाटी वाढवत नेलेल्या वाणांत मकरंद आणि पराग असलेली मधली बारीक फुलेच नाहीशी होतात किंवा झाकली जातात. आमच्या परसात या झेंडूवर मधमाशी क्वचितच थांबली. त्याच वेळी दोन हातांवरच्या एकेरी पिवळ्या कॉसमॉसवर मात्र सातेरी, फुलोरी या मधमाश्या आणि बारीक काळ्या, बिननांगीच्या पोयाच्या माश्या सकाळपासून येत होत्या. सापळा पीक म्हणून या झेंडूला जागा आहे, परागवाहकांसाठी म्हणून त्याचे पाकीट देणे योग्य नाही. झिनियाची फुलेही दुहेरी निघाली आणि पावसाळ्यात पानांवर भुरी येऊन ती झाडे लवकर गेली. सूर्यफुलाबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

पिवळा कॉसमॉस हे मात्र या संचातले सर्वांत मोलाचे पाकीट आहे. हलकी जमीन, अनियमित पाऊस, दुर्लक्ष, सगळे सोसून तो फुलत राहतो, आणि एकदा बी पडले की पुढच्या पावसाळ्यात आपोआप उगवतो. त्याच्या खालोखाल सब्जा. सब्जाच्या मंजिऱ्या खुडून झाड झुपकेदार ठेवण्याची आपली सवय येथे बाजूला ठेवावी लागते. मंजिऱ्या राखल्या तर निळ्या पट्ट्यांची एक देखणी रानमाशी, अमेजिला, त्यांच्यावर नेमाने येते आणि ती आली की टोमॅटो-वांग्याचे काम होते. हे काम मधमाशीचे नाही, ही गोष्ट पत्रकात नेमकी उलटी छापली आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

टोमॅटो आणि वांगे यांच्या फुलांत पराग उघडा नसतो. तो नळीसारख्या परागकोशात बंद असतो आणि टोकाच्या वाटेने, फूल थरथरले तरच बाहेर पडतो. सातेरी किंवा आग्या माशीला ही थरथर निर्माण करता येत नाही. काळा भुंगा आणि अमेजिला यांना ती येते: त्या फुलाला घट्ट धरून उडण्याच्या स्नायूंनी कंप पावतात आणि पराग त्यांच्या अंगावर झडतो. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे उघड्या बागेत वाऱ्याने घोस हलले तरी बरेच काम भागते, आणि जाळीबंद गच्चीवर सकाळी घोसाला बोटाने हलकी टिचकी मारली तरी चालते. वांग्याला मात्र भुंग्यांच्या भेटींचा फायदा स्पष्ट दिसतो. तेव्हा टोमॅटोशेजारी सब्जा लावावा तो या रानमाश्यांसाठी. सब्जामुळे ‘टोमॅटोची चव सुधारते’ हे पत्रकातले विधान मी ग्राह्य धरत नाही. तसा विश्वासार्ह पुरावा नाही आणि चार पानांच्या पत्रकात त्यासाठी खर्च केलेली जागा वेळापत्रकाला देता आली असती.

वेलभाज्यांच्या बाबतीतही असाच ढोबळपणा आहे. ‘दुधी, दोडका, काकडी, कारले यांच्या मांडवाजवळ सूर्यफूल व कॉसमॉस लावा, मधमाश्या येतील आणि कळी गळणार नाही’ असे पत्रक सांगते. काकडी, कारले आणि लाल भोपळा यांना हे लागू पडते, कारण त्यांची फुले सकाळी उघडतात. काकडीच्या मादी फुलाला एका भेटीवर समाधान नसते. भेटी कमी पडल्या की काकडी एका टोकाला फुगलेली आणि दुसऱ्या टोकाला निमुळती, वाकडी होते. दुधी आणि पडवळ यांची फुले मात्र पांढरी असतात आणि सूर्य कलल्यावर, अंधार पडताना उमलतात. दोडक्याचे फूल पिवळे असले तरी तेही संध्याकाळचेच. दिवसा फुलणारी कितीही फुले मांडवाखाली लावली, तरी दुधीची फुले उमलतात तेव्हा मधमाश्या पोळ्यात परतलेल्या असतात. दुधीचे पाहुणे म्हणजे लांब सोंडेचे पतंग. त्यांच्यासाठी या संचात एकही बी नाही, आणि ही उणीव भरून काढणे किती सोपे होते! गुलबक्षी आपल्या आजीच्या परसातले झाड, बी मिरीसारखे टपोरे, कोठेही रुजणारे, आणि फुले दुपार कलताना उमलून रात्रभर सुवास देणारी. तिच्यावर हेच पतंग येतात. ज्यांच्या मांडवावरचे कोवळे दुधी पिवळे पडून गळतात, त्यांनी मांडवाशेजारी गुलबक्षी लावावी आणि तेथला रात्रीचा प्रखर दिवा बंद ठेवावा. पतंग येईपर्यंत संध्याकाळी नर फूल खुडून, पाकळ्या मागे वळवून, मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवावे. मादी फूल ओळखणे अवघड नाही, त्याच्या देठाशी इवलासा दुधी आधीच असतो. जुलैच्या संततधारेत तर काकडीलाही असा हात द्यावा लागतो, कारण भिजत्या दिवशी मधमाशी बाहेर पडत नाही.

धणे आणि मोहरी ही पाकिटे मी पावसाळ्यात बहुतांशी राखून ठेवली. थोडे धणे एका कुंडीत रगडून, दोन डाळी करून पेरले होते, ते अपेक्षेप्रमाणे ओलीने सडले. ही दोन्ही रब्बीची झाडे आहेत आणि खरिपात विकलेल्या संचात ती घालताना ‘ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवा’ एवढे शब्द आवश्यक होते. मोहरीचे मोल कोबी-फ्लॉवर करणाऱ्यांना कळेल. ज्याच्या अळ्या कोबीची पाने खातात तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबीपेक्षा मोहरीवर अंडी घालणे पसंत करतो. बेंगळुरूच्या त्याच संस्थेच्या शिफारशीत कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस मोहरीची एक ओळ आणि लागवडीनंतर २५ दिवसांनी दुसरी ओळ पेरायची असते, म्हणजे कोबीचा गड्डा धरेपर्यंत कोवळी मोहरी सतत उपलब्ध राहते. येथेही पुन्हा वेळच महत्त्वाची आहे.

बांबूच्या नळ्यांचा जुडगा एकट्या राहणाऱ्या माश्यांना घर म्हणून दिला आहे. कल्पना चांगली आहे; गुलाबाच्या पानाला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे पाडणारी माशी अशाच पोकळीत घर करते. परंतु आलेल्या नळ्या दोन्ही बाजूंनी आरपार उघड्या होत्या आणि मागची बाजू बंद नसेल तर माशी आत घर करत नाही. प्रत्येक तुकड्यात एका टोकाला पेर राखून बांबू कापायला विक्रेत्याला जास्तीचा खर्च आला नसता. मी नळ्यांची मागची टोके मातीने लिंपून जुडगा पावसापासून आडोशाला, सकाळच्या उन्हात टांगला आहे. शिवाय अनेक रानमाश्या जमिनीतच बिळे करतात, म्हणून बागेचा एक कोरडा कोपरा पालापाचोळ्याने न झाकता मोकळा ठेवावा. उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेवण्याची पत्रकातली सूचना मात्र अचूक आहे.

सर्वांत अधिक खटकले ते भेटीचे काकडीचे पाकीट. त्यातले बी गडद गुलाबी रंगाचे, म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेले होते, आणि कोणते रसायन हे पाकिटावर नव्हते. अशी प्रक्रिया पुष्कळदा बुरशीनाशकाची असते आणि त्यात मधमाशीला फारसा धोका नसतो. पण इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक असेल तर ते झाडात भिनते आणि फुलाच्या मकरंदात व परागातही उतरते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या वर्गातील तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मधमाश्यांच्याच काळजीने. विक्रेत्याला मी विचारणा केली, तेव्हा ‘प्रमाणित प्रक्रिया केलेले बियाणे आहे’ एवढेच उत्तर आले, रसायनाचे नाव आले नाही. ते बी मी पेरले नाही. मधमाश्यांसाठी म्हणून विकलेल्या संचात असे निनावी गुलाबी बी असता कामा नये, आणि कोणाला मिळाले तर त्यांनीही नाव कळेपर्यंत ते पेरू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. बागेत कडुनिंबाचे तेल फवारायचे असेल तर तेही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, आणि शक्य तितके फुले टाळूनच फवारावे.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर मधपेटीची जाहिरात आहे. घरच्या चार वाफ्यांसाठी मधपेटीची गरज नाही. सातेरी माशी किलोमीटरभर अंतरावरूनही फुलांकडे येते. ज्यांना मधमाशीपालनाची खरी ओढ आहे त्यांनी पेटी मागवण्याआधी रीतसर शिकावे. पुण्यातच १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वरच्या बाजूला मांघर हे तर मधाचे गाव म्हणून घोषित झालेले आहे. वसाहत सांभाळणे काय असते ते अशा ठिकाणी प्रत्यक्ष पाहता येते.

५५० रुपयांना हा पूर्ण संच घ्यावा असे मी म्हणणार नाही. शेपू, धणे, मोहरी आणि चवळी किराणा दुकानात किंवा मंडईजवळच्या बियाण्याच्या दुकानात फार थोड्या पैशांत मिळतात. सब्जाचे बी फालुद्यासाठी घरात असतेच आणि ते बहुधा उगवतेही. वेगळे घेण्यासारखे उरतात ते एकेरी पिवळा कॉसमॉस आणि मखमली झेंडू. ज्यांनी संच आधीच घेतला आहे त्यांनी आता, थंडी सुरू होताना, मोहरी कोबीच्या रोपांच्या पंधरा दिवस आधी पेरावी, धणे आणि उरलेला शेपू दर पंधरवड्याला थोडा थोडा टाकून प्रत्येक खेपेतली काही झाडे फुलोऱ्याला सोडावीत, आणि आफ्रिकन झेंडूचे बी उन्हाळी टोमॅटोसाठी जपून, टोमॅटोच्या रोपवाटिकेच्या तीन आठवडे आधी पेरावे.